भाचीवर लिहिलेली वही

आमच्या भरे गावच्या घरातली दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉलेजात मानव विकास हा विषय घेतला, कारण पुढे लहान मुलांसाठीच काम करायचं होतं. आज तेच करते, पगारही त्याचाच घेते.

दुसऱ्या वर्षाला एका मुलाचं सहा महिने निरीक्षण करून वही लिहायची होती. मी दादाची दीड वर्षाची मुलगी घेतली. आमच्या बाईंनी बजावलं होतं, फक्त बघायचं आणि लिहायचं, मध्ये पडायचं नाही. चौथ्या महिन्यातच मला कळलं. मागून हाक मारली तर पोर वळत नव्हती. तरी मी नियम पाळला. तारीख घालून, अक्षर नीट काढून लिहीत राहिले. वही वर्गात पहिली आली, त्या दिवशी घरी बोलले.

"दादा, पोरीला ऐकू येत न्हाई. कान तपासून आण."

"कॉलेजात हेच शिकवत्यात का? घरच्या पोरात खोड काढायला?"

"तुझा दादा बी लई उशिरा बोलला," आई म्हणाली. "थांब, दावते." तिनं थाळी घेतली आणि खाली खेळणाऱ्या पोरीच्या मागं फरशीवर आपटली. पोर वळली. सगळे हसले. वहिनी सगळ्यांत जास्त हसली, आणि मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"तिला फरशीचा हादरा लागला. थाळी हातात धरून वाजव."

"आता थाळी कशी वाजवायची ते बी आईला शिकीव," दादा म्हणाला.

थाळी मलाही उचलता आली असती. पण मी ताठ्यात उठून गेले.

दीड वर्षानं वरच्या खोलीत एक भाडेकरू बाई आल्या, हिंजवडीत नोकरीला. जिन्यात त्या सहज म्हणाल्या, "हिचे कान एकदा दाखवून घ्या हो." दादानं दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. मला पोरीला धरायला बरोबर घेतलं.

दोन्ही कान गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

"आमाला कोण सांगणार, सायेब? घरात शिकलेलं कोण हाय?"

मी भाचीला कडेवर घेऊन शेजारीच उभी होते. पिशवीत ती वही होती, डॉक्टरांना दाखवायला आणलेली. बाहेर काढली असती तर दादा खोटा पडला असता. आणि चौथ्या महिन्यातली तारीख बघून त्यांनी मलाही तेच विचारलं असतं.

मी पिशवीचा बंद ओढून घेतला.