शनिवारी घर जेवत असे

फोन जरा कानाजवळ धर बाई, ओरडून बोलायचं माझं वय राहिलं नाही. आणि आधी बोलणी खाऊन घे, मग बाकीचं सांगते. नागपूरच्या बाहेर तू मातीचं घर बांधलंस, वर बांबूचं छत घातलंस. बांधायच्या आधी ज्याला त्याला विचारलंस, पुस्तकं आणलीस, कुठल्या शिबिराला जाऊन आलीस. मामीला तेवढं विचारलं नाहीस. आता वर्ष व्हायच्या आत फोन करतेस, "मामी, छतातून रोज पिवळं पीठ पडते जेवणाच्या टेबलावर, काय करू?" आता मी काय सांगू? झाकून जेव.

तुझ्या वास्तूला मी आले होते ना. एका कोपऱ्यात तू चटई टाकून ठेवली होतीस. इथं काय करायचं, म्हणून मी विचारलं, तर तू म्हणालीस, काही नाही, नुसतं बसायचं, मन शांत करायचं. मी हसले. तुला ते लागलं, माझ्या ध्यानात आलं होतं. मग पाहुण्यांसमोर तू म्हणालीस, "माझी आजी अशाच घरात राहायची, निसर्गाशी जुळवून." तेव्हा मी आणखी हसले, पण पदराआड. तुझी आजी म्हणजे माझी सासू. आम्ही तिला आत्याबाई म्हणत असू. निसर्गाशी तिचं किती जुळलं होतं ते देव जाणे, धुराशी मात्र पक्कं जुळलं होतं.

माझं लग्न पन्नास सालानंतर चार-पाच वर्षांनी झालं. माझा बाप बल्लारपूरला रेल्वेत होता. आमची शेगडी अंगणात पेटायची, कोळसा लाल झाला की घरात यायची. तिथून मी आले गोंडपिपरीच्या पलीकडे, धानाच्या गावात. घर चांगलं होतं, खोटं कशाला सांगू. बांबूच्या कुडाला शेणमाती लिंपलेली, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढं ओटा, मागं वाडी, वाडीच्या कडेला मोहाचं झाड. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, मग महिनाभर बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, तेव्हा कुठं तो छताला चढायचा. सगळं जंगलातलं आणि तळ्यातलं. तू म्हणतेस तसंच, अगदी निसर्गाचं.

सैपाकाच्या खोलीला मात्र खिडकी नव्हती. चूल पेटली की धूर आधी माझ्या डोळ्यांत, मग घशात, आणि जागा उरली तर कवेलूतून बाहेर. नवी असताना मी एकदा भीत भीत खिडकीचं काढलं.

आत्याबाई म्हणाल्या, "खिडकीतून काय पाह्यतं वो? वाघ? त्याले तू दिसशीन, तुले तो नाई दिसनार."

पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तर माझे डोळे सुजून बारीक झाले होते. बापाने पाहिलं, तुझ्या मामांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजातच सांगितलं, "जावईबापू, होळीपर्यंत पाह्यतो. पोरीचे डोळे असेच राह्यले तर मी तिले घेऊन जाईन." आईला सांगायची तुझ्या मामांची छाती नव्हती आणि बायको सोडायचीही नव्हती. तेव्हा मी त्या घरात नांदणार की नाही, ते चुलीवर येऊन थांबलं होतं.

आणि तेवढ्यात ग्रामसेविका आली.

तेव्हा सरकारनं गावं सुधारायचं मनावर घेतलं होतं. बाई चांद्याहून आलेली, पांढरं लुगडं, पायात चपला, खांद्याला पिशवी. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. तिच्या पिशवीत बिनधुराच्या चुलीचं चित्र होतं. मातीचीच चूल, पण मागून कुंभाराने केलेली नळकांडी जोडायची, ती कवेलूतून वर काढायची, धूर आपल्या वाटेनं बाहेर. मी ते चित्र हातात घेतलं ते सोडेचना. बाई म्हणाली, गावात पहिलं घर जे पुढं येईल त्याच्या दारावर 'आदर्श घर' अशी पत्र्याची पाटी लागेल.

"आणि घरातल्याईले काय लागन?" आत्याबाईंनी विचारलं.

"आरोग्य लाभेल, आजी."

"मले खोकला हाय, तेवढा पुरे."

खोकला होताच. आत्याबाई बोलता बोलता खोकत आणि खोकता खोकता बोलत. झोपल्या की खोली हलायची. पण तो खोकला त्यांना आपला वाटायचा, घरच्या बैलासारखा.

कसं कोण जाणे, त्या हो म्हणाल्या. मला वाटतं, तुझ्या मामांनी माझ्या बापाचं बोलणं शेवटी त्यांच्या कानावर घातलं असावं. तोंडावर मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "करा काय करता ते. माही चूल नाई मोडायची." मग जुनी चूल कोपऱ्यात राहिली. त्यांनी तिच्यावर बांबूची मोठी टोपली पालथी घातली, कोंबडी झाकावी तशी.

नवी चूल झाली. पहिल्या दिवशी मी भात केला आणि डोळ्यांतून पाणी आलं ते आनंदानं. सेविका म्हणाली, "आता काजळी खरवडून काढा, छत स्वच्छ करा, चुना मारा." मला काय, मी पदर खोचला. वरचे बांबू, वाशे, कमच्या, वर्षानुवर्षांच्या धुरानं डांबरासारखे काळे आणि चकचकीत झालेले. मी शिडीवर चढून विळ्यानं सगळं खरवडलं. चुलीवर टांगलेली मक्याची कणसं, वालाच्या बियांची गाठोडी, भोपळ्यात भरलेलं बी, सगळं काढून खुंटीला नेऊन लावलं. वर चुना मारला. खोली अशी पांढरी झाली की पाल आली तरी दिसावी. आत्याबाई दारात बसून पाहत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मी कौतुक समजले.

दारावर पाटी लागली. होळी झाली. माझा बाप आला, माझे डोळे पाहिले, चूल पाहिली, दोन वेळा जेवला आणि एकटाच परत गेला. मी जिंकले होते, बाई. फार जिंकले होते.

पाऊसकाळ निम्मा सरला आणि एका दुपारी ताटातल्या लाखोळीच्या वरणावर पिवळं पीठ दिसलं. मला वाटलं, चुना. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वर पाहिलं तर पांढऱ्या बांबूंना सुईच्या टोकाएवढी भोकं, जागोजाग. घरात सामसूम असली की वरून कुरुकुरु आवाज यायचा, कुणीतरी सावकाश चणे खावेत तसा. घुण लागला होता. तिकडे खुंटीवरच्या वालाच्या बियाही पोकळ झाल्या होत्या.

"तुयं बरं हाय," आत्याबाई ताटाकडे पाहून म्हणाल्या. "मसाला वरतूनच पडते."

"आत्याबाई, असं काऊन झालं?"

"काऊन म्हंजे? इतके वर्स घर धूर खात व्हतं. तू त्याचं खानं बंद केलं. मंग त्याले दुसऱ्यानं खाल्लं."

मग मला ते न बोलणं समजलं. मी म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतं ना."

"तू ऐकनारी व्हती? पाटी लावून राह्यली व्हती तू."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. आठ दिवसांत एक वासा वाकला आणि सैपाकाच्या खोलीतले कवेलू एका बाजूला घसरले. पावसाचं पाणी थेट नव्या चुलीत. तुझे मामा वर पाहत उभे राहिले, मग माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर निघून गेले. तुझी आई तेव्हा दहा वर्षांची. ती तेवढी म्हणाली, "वहिनी, आता कसं वो?"

छत गेलं तर घर गेलं, आणि घर मी पांढरं करून घालवलं होतं. मी परसातून लोखंडी सब्बल आणली. नवी चूल मोडते, म्हटलं, जुनीवर करते, डोळे गेले तर गेले, बापाला कळवणार नाही. पहिला घाव घालायला हात उचलला तर आत्याबाईंनी मागून सब्बल धरली. म्हातारीच्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"मोडू नको."

"का पण? तुम्हीच तर..."

"मोडू नको म्हनलं ना." मग दुसरीकडे पाहत, "मी झोपून राह्यली."

मला आधी कळलंच नाही. मग ध्यानात आलं. किती दिवस झाले, त्या खोकल्याच नव्हत्या. खोली हलत नव्हती. आम्ही सगळे झोपत होतो आणि कुणालाही त्याचं नवल वाटलं नव्हतं, त्यांना सोडून. आपल्याला बरं वाटतंय हे कबूल करायला तुझ्या आजीला किती त्रास झाला, ते तिच्या तोंडावर मी पाहिलं. खोकल्याचा एवढा त्रास तिला कधी झाला नव्हता.

"धूर मले नाई पाह्यजे," त्या म्हणाल्या, "तुले नाई पाह्यजे. घराले पाह्यजे. त्याचं त्याले देऊन टाकू."

तुझ्या मामांनी वासा बदलला, किडके बांबू काढले, बोडीत भिजवून ठेवलेले दुसरे घातले. बियांची गाठोडी पुन्हा चुलीवर टांगली, जुन्या चुलीवर. शनिवारी आत्याबाईंचा उपास असायचा, सैपाक कमी. दुपारी त्यांनी जुन्या चुलीवरची टोपली उचलली, गोवऱ्या पेटवल्या, वरून ओला कोंडा आणि कडुनिंबाचा पाला टाकला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. आम्ही मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. कवेलूच्या फटीफटीतून धूर वर निघाला. मासे घेऊन आलेली शेजारीण टोपली टाकून धावली, "वो बाई, घर पेटलं ना तुमचं!"

"पेटलं नाई वो," आत्याबाई म्हणाल्या. "जेवून राह्यलं."

तेव्हापासून दर शनिवारी घर जेवायचं. बांबू हळूहळू पुन्हा काळे झाले, माझा चुना वाया गेला आणि आवाज थांबला.

आता गंमत ऐक. मोठे साहेब आदर्श घर पाहायला येणार होते, ते नेमके शनिवारी आले. सोबत सेविका, तिच्या हातात फुलांचा हार. जीप थांबली तेव्हा आदर्श घर नखशिखांत धुरात होतं आणि घरची सगळी माणसं झाडाखाली हातावर हात ठेवून बसलेली. सेविकेचं तोंड असं झालं की मला तिची दया आली. बिचारीनं आमच्यासाठी कुंभाराच्या किती खेपा घातल्या होत्या.

"बिनधुराची चूल हीच का?" साहेबांनी विचारलं.

"चूल बिनधुराचीच हाय, साहेब," आत्याबाई म्हणाल्या. "धूर घराचा हाय."

साहेबांना हे समजलं नाही. त्यांनी पाटी कुठे आहे ते विचारलं. दारावर नुसता खिळा होता. सेविका माझ्याकडे पाहू लागली, मी आत्याबाईंकडे, आणि आत्याबाईंनी बोट वर केलं. श्रावणात नळकांडीतून पाणी चुलीत गळायचं, म्हणून त्यांनी तुझ्या मामांना वर चढवून ती पाटी वाकवून नळकांडीवर टोपीसारखी बसवली होती. 'आदर्श' ही अक्षरं तेवढी आभाळाकडे तोंड करून होती. साहेब म्हणाले, पाटी काढून दुसऱ्या गावाला द्या. वर चढायला कुणी तयार झालं नाही, म्हणून ती तिथंच राहिली. हार सेविकेनं जाताना तुझ्या आईच्या गळ्यात घातला.

ती बाई पुढंही यायची, सरकारी कामाशिवाय. एकदा शनिवारीच आली, आमच्याजवळ बसली, आंबील प्याली आणि म्हणाली, "मलाही डोक्याला तेल लावून द्या." कारण तोवर तसंच होऊन बसलं होतं. घरात जाता येत नाही, काम करता येत नाही, धान कांडता येत नाही, सगळं सामान आत. मग करायचं काय? आत्याबाई मला पुढं बसवायच्या, फणी काढायच्या आणि टोरीचं, मोहाच्या बियांचं तेल चोपडून माझे केस विंचरायच्या. आठवडाभर जी सासू माझ्याशी दोन शब्द धड बोलत नसे, ती त्या तासाभरात सगळं बोलायची, तिच्या माहेरचं, माझ्या गेलेल्या सासऱ्यांचं, पोटात गेलेल्या दोन लेकरांचं. केस ओढायची फार. पण मी हू का चू केलं नाही, ती बोलायची थांबेल म्हणून.

तुझी चटई पाहून मी का हसले, ते हे. नुसतं बसायला आम्हाला कोपरा मिळाला नाही कधी. घरानंच बाहेर काढलं, म्हणून बसलो.

आता तुझ्या छताचं. बांबू कधी तोडला, पाण्यात किती ठेवला, हे तुझ्या त्या शहाण्यांना विचारून काही उपयोग नाही, त्यांनी डेपोतून उचलला असेल. धूर दे म्हणून मी सांगितलं तर तू म्हणशील, मामी, धूर झाला की घरात भोंगा वाजतो. वाजू दे, शेजारी धावत येतील, तेवढीच ओळख होईल. पण फोनवर हे काही जमायचं नाही. ओला कोंडा किती, कोरडा किती, दार कधी ओढायचं, हे हातानं शिकायचं असतं.

सैपाकाची ती खोली अजून उभी आहे. नळकांडी दोनदा बदलली, पाटी तीच आहे, गंजून भोक पडलंय. शनिवारी मी अजून घराला जेवू घालते आणि झाडाखाली जाऊन बसते. आता माझे केस विंचरायला कुणी नाही, आणि उरलेत तरी किती. तू लवकर ये बाई, आणि शनिवार धरून ये. येताना फणी आण, माझीचे दात पडलेत.