मामांचं नाशिकदर्शन

नाशिकला येऊन रामकुंड न पाहता परतलेला माणूस कुठे भेटला, तर तो माझ्या बायकोच्या मामांचा पाहुणा होता असं खुशाल समजावं. मामा सातपूरच्या एका कारखान्यात तपासनीस होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग मोजायचा, मापात नसला की लाल खडूने फुली मारून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे पाहुण्यांची सदा वर्दळ. बिचारे देवदर्शनाच्या आशेने यायचे आणि मामा त्यांना भर दुपारी बसमध्ये कोंबून औद्योगिक वसाहतीत न्यायचे. "देव काय कुठे पळून जातोय? पाळी सुटायची वेळ हुकली तर मग उद्याच!" भोंगा झाला की फाटकातून सायकली आणि मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि मामा तो अशा थाटात दाखवत, की गोदावरी जणू यांनीच सोडली. सोलापूरच्या एका पाहुण्याने तर उगाच वाद नको म्हणून त्या फाटकालाच हात जोडले.

मामांबरोबर खरेदीला जायचं म्हणजे घरून जेवूनच निघावं लागे. मेव्हणीच्या लग्नासाठी समई घ्यायला आम्ही भांडी बाजारात गेलो. मामांनी सहा समया काउंटरवर उभ्या केल्या, एक डोळा मिटून न्याहाळल्या आणि सवयीने खिशातला खडू काढून एकेकीवर फुल्या मारत सुटले. दुकानदार ओरडला, "अहो काका, समई देवापुढे लावायचीय, मशीनवर नाही चढवायची!" मामा शांतपणे म्हणाले, "देवाला वाकडी चालते, असं देवाने तुम्हाला सांगितलं का?" अखेर दुकानदार ओल्या फडक्याने फुल्या पुसत बसला आणि आम्ही मामांनी नाइलाजाने मान्य केलेली सातवी समई घेऊन निघालो. मामी अजून म्हणते, "हे मला बघायला आले तेव्हा खडू घरी विसरले होते, म्हणून माझं लग्न झालं."

एका माणसाला मात्र मामांना फाटक नव्हे, आतला कारखाना दाखवायचा होता. ती त्यांची थोरली बहीण, पेठकडच्या एका डोंगरगावातली. आम्ही तिला मावशी म्हणतो. लोकांच्या खाचरांत भात लावून तिने भावाला आयटीआयला धाडलं होतं. मामा दरवर्षी साहेबांकडे अर्ज करत आणि दरवर्षी उत्तर येई, बाहेरच्यांना आत सोडता येत नाही. मग कारखानाच बंद पडला. शेड पाडल्या आणि काही वर्षांनी त्याच जागेवर भलामोठा मॉल उभा राहिला. मामांनी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. आमच्याकडे गंगापूर रोडला यायचं तरी लांबचा वळसा घेत. कारखाना बंद झाला एवढं त्यांनी बहिणीला कळवलं, पाडल्याचं सांगायला मात्र त्यांची जीभ रेटली नाही.

मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशिकला आली. डोळ्यावरची पट्टी सुटली आणि ती म्हणाली, "भाऊ, आता नीट दिसतंय, तवर तुझा कारखाना दाव. बंद आसंल तर आसूं दे, भिंती तरी बघते."

मामांनी दोन दिवस ऊन, रिक्षा, गुडघे अशा सबबी सांगितल्या. तिसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन निघाले. मॉलच्या दारातल्या रखवालदाराने "या आजी" म्हणत स्वतः दार उघडलं. आत झगमगाट, दुकानं, आपोआप चढणारे जिने. मामा मनाशी काही अंदाज बांधत चालत राहिले आणि चपलांच्या एका दुकानासमोर थांबले.

"अक्का, इथं माझं टेबल होतं. पण हे जे तू बघतेस ना, ते..."

मावशीचं लक्ष नव्हतं. ती गुळगुळीत भिंतीवरून तळहात फिरवत होती.

"लय गार हाय रं हितं! आन् मी येडी, इतकी वर्सं जिवाला घोर लावून बसले. वाटायचं, माझा भाऊ यंत्रांपाशी भाजून निघत आसंल. मीच धाडला ना त्याला."

मी मामांकडे पाहिलं. उन्हाळ्यात कारखान्याच्या तापल्या पत्र्याखालून घरी आल्यावर ते तासभर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसत, हे मला मामीने सांगितलेलं होतं.

"छे गं अक्का," मामा म्हणाले, "गारच असायचं."

मावशीने पदराने डोळे टिपले आणि ती तिथल्या बाकावर निवांत टेकली. मामा तिच्या शेजारी बसले आणि कुठली मशीन कुठे होती ते बोटाने दाखवू लागले. आइस्क्रीम आणतो म्हणून मी उठलो आणि बराच उशीर लावला.