श्वासाचा वास

कागदावरचा आकडा खरा आणि समोरचा माणूस खोटा, असं तुम्ही किती सहज मानता? परदेशात, हॅमिल्टनच्या बसथांब्यावर एका अनोळखी मराठी काकांनी माझ्यासमोर वाफाळता श्वास सोडला.

"घे वास! दारूचा येतो?"

"नाही, काका."

"रक्ततपासणीत माझं लिव्हरचं एन्झाइम वाढलेलं दिसलं, तर पोरगा म्हणाला, 'बाबा, यू आर ड्रिंकिंग.' नातीला माझ्याकडे ठेवेना."

काकांनी सांगितलं, पुढे दुसऱ्या पद्धतीने रक्त तपासल्यावर कळलं, की त्यांच्याच रक्तातलं एक प्रथिन एन्झाइमला चिकटून आकडा फुगवत होतं. लिव्हर ठणठणीत होतं.

"पोरगा सॉरी म्हणाला रे. पण नात आता लांबूनच हाय करते. पूर्वी कडेवर बसून मिशा ओढायची."

त्यांनी मिशीचं टोक स्वतःच हळूच ओढलं.

रिपोर्टने तुमच्या घरातल्या कुणाला दोषी ठरवलं, तर आधी फेरतपासणी मागा. तोवर नातवंडाला त्यांच्या कडेवरून उतरवू नका.