विहिरीतली हडळ

मोहाची फुलं वाळत घातली की त्या उग्र-गोड वासाबरोबर मला मोबाइलच्या खेळातली विहीर आठवते. काही वर्षांपूर्वी सिद्धगडाखालच्या आमच्या अंगणात शेळ्यांपासून फुलं राखत मी नि नणंद ऑनलाइन एकत्र खेळत होतो. “उतरू नको गो वयनी, आत हडळ हाय,” ती म्हणाली. मी थबकले. हिला कसं ठाऊक? मघाशी चोरवाटही हिलाच सापडली होती. “आधीच या खेळाचा व्हिडिओ बघितलास ना?” “नाय गो!” म्हणत ती घाईघाईनं फुलं परतायला उठली. त्यानंतर खेळतानाची तिची किंकाळीसुद्धा मला खोटी वाटायची. काल लेकीबरोबर खेळताना तीच विहीर आली. “आत काय असेल गो?” मी भाबडेपणानं विचारलं. लेकीनं माझ्या मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पडद्यावर मी ढाल आधीच उचलून धरली होती.