कोऱ्या पट्टीवरच्या लाल रेघा

डॉक्टर मॅडमनी खोलीतला दिवा घालवला, जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी पट्टीवर धरली. मी जिला कोरी म्हणत होतो, तिच्यावर दोन लाल रेघा चमकल्या. "पहिली रेघ सांगते, पट्टी ठीक आहे. दुसरी सांगते, तुम्ही ठीक नाही. काका, हा हार्ट अटॅक आहे."

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं टीव्हीचं दुकान आहे, एकट्यानं उभं केलेलं. त्या दिवशी मालाचा भाव पाडायला अमरावतीला गेलो होतो. घासाघीस करतानाच छाती आवळली, डावा हात जड झाला. सोबत बायको होती. तिनं दवाखान्यात नेलं.

ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, स्पष्ट नव्हता. म्हणून पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून ट्रोपोनिन तपासायचं ठरलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं.

मागच्या वर्षी साध्या पित्तासाठी एका हॉस्पिटलनं मला तीन दिवस तपासण्यांत फिरवलं होतं. तो राग डोक्यात होता. पट्टी वाचणाऱ्या यंत्रात घालायच्या आधीच मी ती उचलून पाहिली. कोरोनाच्या किटवर दिसायची तशी रेघ कुठंच नव्हती.

"मॅडम, पट्टी कोरी हाय. मले कावून अडकवून राहिल्या?" असं म्हणून मी उठलो.

तेव्हा त्यांनी बॅटरी काढली होती.

"टीव्ही विकता ना? त्यातले क्वांटम डॉट हेच," त्या म्हणाल्या.

हे डोळ्यांना न दिसणारे स्फटिकांचे कण. उजेड पडला की आपापल्या आकाराप्रमाणे ठरलेल्या रंगात चमकतात. टीव्हीत ते लाल-हिरवा रंग शुद्ध करतात. पट्टीत ते ट्रोपोनिनला चिकटतात आणि थोडं ट्रोपोनिन असलं तरी यंत्राला दिसतात. मी वर्षानुवर्षं ते नाव घेऊन माल विकला, पण हे कण काय करतात ते कधी कुणाला विचारलं नाही.

लगेच अँजिओग्राफी झाली. म्हणजे रक्तवाहिनीत एक्स-रेत दिसणारं औषध सोडून अडथळा शोधतात. अडथळा सापडला, तिथं स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी बसवली. चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली.

त्या जुन्या हॉस्पिटलवरचा राग अजून आहे, तो जाणारही नाही. पण छातीत दुखत असताना राग काढायला बसू नका, एवढं माझं ऐका. आधी तपासून घ्या, मग खुशाल भांडा.

निघताना मॅडमना म्हणालो, "त्या दिवशी तुमी मले जाऊ दिलं नाही, लय उपकार झाले."

"मी कुठं अडवलं? तुम्ही दारापर्यंत गेला होता. काकूंनी तुमच्या शर्टाची बाही सोडली नाही."

मला ते आठवतच नव्हतं. बायको खाली मान घालून माझ्या गोळ्या पिशवीत भरत होती.