घर पाहायला कॅनडात

गेल्या उन्हाळ्यात मी आणि बायको कॅनडात गेलो ते फिरायला नाही. मुलगी तिथे नोकरीला आहे आणि तिला तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं होतं. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, की आधी मुलाचं घर पाहीन आणि मग सांगेन. आमच्याकडे मुलीचा बाप असंच करतो. भिंती कशाच्या आहेत, पाणी कुठून येतं, घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हे पाहिल्याशिवाय शब्द देत नाही. मुलीने ते मान्य केलं. वर म्हणाली, "पप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरं स्थळही आणू नका." ती बोलते तसंच वागते, हे मला तिच्या लहानपणापासून ठाऊक आहे.

मुलगा विमानतळावर घ्यायला आला होता. उंच, शांत, पाटीवर लिहिलेल्या वेगानेच गाडी चालवणारा. हे शेवटचं मला पटलं. पण गाडी घराकडे वळली नाही. आधी हॉटेल, मग डोंगरातलं एक तळं. पाणी इतकं निळं, की कुणी मोरचूद टाकला की काय असं वाटावं. तिथल्या फलकावर कारण दिलं होतं: हिमनदी दगड दळत खाली येते, त्या दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं, म्हणून हा रंग. कारण कळल्यावर तळं मला जास्त आवडलं. दुसऱ्या दिवशी तारेवरच्या पाळण्यातून शिखरावर गेलो. त्यानंतर धबधबा झाला. बायको बराच वेळ पाहून म्हणाली, "आपल्या रंधा धबधब्यासारखाच आहे. कठडा मात्र चांगला बांधलाय."

त्या संध्याकाळी थोरल्या भावाचा फोन आला. संगमनेरजवळच्या आमच्या गावात तेव्हा सकाळ होती.

"घर पाह्यलं का?"

"अजून नाही. डोंगर पाहिले."

"डोंगर आपल्याकडं काय कमी हायेत? घर का दाखवत न्हाईत, ते आदी इचार."

मलाही तेच खटकत होतं. ज्याला घर दाखवायचं नसतं तो पाहुण्याला देवदर्शनाला नेतो, हे मी आमच्या तालुक्यात पाहिलेलं आहे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने आम्हाला स्वतःच्या गावी नेलं, पण तेही म्युझियममध्ये. त्या गावात जन्मलेली एक गायिका जगभर प्रसिद्ध आहे. मला तिचं एकही गाणं माहीत नव्हतं. बायकोला एक माहीत निघालं, मुलीच्या कॉलेजच्या दिवसांत ते आमच्या घरात वाजायचं. त्या गायिकेचं लहानपणीचं घरच गावाने म्युझियम करून ठेवलं आहे, आणि ते दाखवायचं काम मुलाचा बाप सुट्टीच्या दिवशी बिनपगारी करतो. तो दारातच उभा होता. हात मिळवला आणि थेट गायिकेच्या शाळेच्या बुटांपासून सुरुवात केली. पहिली गिटार, आईने शिवलेला झगा, जिच्यावर बसून ती अभ्यास करायची ती खुर्ची. मुलगी एकेक वाक्य मराठीत सांगत होती.

स्वयंपाकघरात मी भिंतीवर बोटाने ठोकून पाहिलं. लाकूड होतं, आत पोकळी. मग वाकून सिंकखालचं दार उघडलं.

"अहो, हे त्यांचं घर नाही," बायको हळूच म्हणाली.

"माहीत आहे. पण गाव तेच आहे. बांधकाम साधारण असंच असणार."

मुलाच्या बापाने मला वाकलेलं पाहिलं. तो हसला नाही. शेजारी गुडघ्यांवर बसला आणि थंडीत पाणी गोठू नये म्हणून नळाला काय गुंडाळतात, ते बोट लावून दाखवलं.

इतक्यात मुलाची आई आली, वेगळ्या गाडीतून. नवराबायको एकमेकांना भेटले ते बँकेच्या रांगेत दोन ओळखीचे भेटावेत तसे. मी मुलीला अंगणात घेऊन गेलो. बायको मागोमाग आली.

"हे दोघं वेगळे राहतात का?"

"हो. तो शाळेत होता तेव्हाच वेगळे झाले. आईने पुढे दुसरं लग्न केलं."

"म्हणून इथं बोलावलं?"

"कुणाकडे आधी न्यायचं, ते त्याला ठरवता येईना. एकाकडे नेलं की दुसऱ्याला लागणार. ही जागा दोघांचीही नाही."

"मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विमानात बसला असतात?"

नसतो बसलो. तसं मी तिला सांगितलं. मोडलेल्या घरात मुलगी द्यायची नाही, हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो मी स्वतः इतरांना ऐकवलेला आहे.

बायको म्हणाली, "श्रीरामपूरची आमची ताई आणि दाजी एका छपराखाली राहतात आणि एकमेकांना निरोप मुलाकडून धाडतात. तशा घरात तुम्ही डोळे मिटून मुलगी दिली असतीत. घर एक आहे ना."

मी म्हणालो, "दोन्ही घरं पाहायची. आजच."

बापाचं घर एका हार्डवेअरच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. स्वच्छ होतं. बसायला त्याच्या स्वतःच्या दोनच खुर्च्या. बाकीच्या घडीच्या, म्युझियमच्या, त्याने आधीच वर आणून ठेवल्या होत्या. आम्ही येऊ अशी त्याला आशा होती म्हणायची. कॉफी झाली. तिथून सगळे आईकडे गेलो. गावाबाहेर घर, मागे भाजीचे वाफे, नळाला भरपूर पाणी. तिचा दुसरा नवरा एप्रन बांधून स्वयंपाक करत होता. पहिला नवरा आम्हाला दारापर्यंत पोचवून निघाला होता. दुसरा आतूनच त्याला म्हणाला की तुझंही ताट मांडलेलं आहे, आणि पहिला आत आला. मुलाने कुणाला न विचारता कपाटातून पाण्याचे पेले काढले. बापाच्या घरीही त्याने असेच काढले होते. एवढं मी पाहून घेतलं.

आमच्याकडे स्थळ पसंत नसेल तर चहावर उठतात, जेवायला बसत नाहीत. मुलीला हे माहीत आहे. तिने आवाज साधा ठेवून विचारलं, "पप्पा, जेवायचं ना?"

मी हात कुठे धुवायचे ते विचारलं.

जेवायला भाजलेला मासा आणि उकडलेले बटाटे होते. मीठ कमी, तिखट तर नव्हतंच. मुलगी स्वतः खात नव्हती, माझ्या ताटाकडे बघत होती. मी आणखी बटाटे मागून घेतले.