गभणे सर आणि हिरानखी

गभणे सर कुणाच्याही घरी गेले की जेवल्याशिवाय वही उघडत नसत. म्हणत, "आधी भात, मग प्रश्न. ज्याच्याकडे जेवलो नाही, त्याला मनातलं कोणत्या तोंडानं विचारू?"

सत्तरच्या दशकात ते भंडाऱ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवत. वय चाळीस, लग्न केलेलं नव्हतं. सुटीच्या दिवशी एस.टी.नं खेडी फिरायचे. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत तिकडे गावोगावी नाचगाण्याच्या नाटकाची दंडार होते. तिच्यात बायकांची कामं करणाऱ्या पुरुषांवर त्यांचा प्रबंध चालला होता. लुगडं उतरवल्यावर ही माणसं कुणासोबत राहतात आणि गाव त्यांना आपल्यात कसं बसवून घेतं, हे त्यांना लिहायचं होतं. मार्गदर्शकांनी विचारलं, "हा काय विषय झाला?" सर म्हणाले, "माणसं आहेत ना? मग विषय आहे."

लाखांदूरजवळच्या एका गावात सुकरू राहायचा. दंडारीतली राणी तोच. त्याच्या घरी बारा वर्षांपासून देवाजी होता. दोघं मिळून शेती करायचे. मी तेव्हा एका साप्ताहिकात होतो; एकदा सरांसोबत गेलो होतो. पारावरून कुणी तरी हाक मारली, "काहो सुकरूबाई, आज भाजी कायची?"

"तुह्या बायकोले विचार. तिनंच वाटीभर नेली," सुकरू म्हणाला. सगळे हसले, देवाजीही हसला. गावाचं बोलणं तेवढ्यावरच थांबत असे.

प्रबंधात खरी नावं द्यायची नाहीत, असं सरांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. ज्याच्या घरी ज्या धानाचा भात जेवले, तेच त्या माणसाचं नाव. एक लुचई, एक चिन्नोर. सुकरूकडे हिरानखीचा भात होता, म्हणून तो हिरानखी. त्यातलं एक प्रकरण आमच्या साप्ताहिकाच्या दिवाळी पुरवणीत आलं. मजकूर मीच तपासला. नाव नव्हतं, गाव नव्हतं. तालुका तेवढा होता.

सर शहरात वाढलेले. नवं बियाणं आल्यापासून त्या भागात हिरानखी एकाच घरी पेरली जात होती, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. गावानं पहिल्याच वाचनात ओळखलं. सुकरूच्या भावानं बैठक बोलावली. देवाजीला कोंढ्याला त्याच्या बहिणीकडे पाठवण्यात आलं आणि त्या वर्षी राणीचं काम दुसऱ्याला गेलं.

सर माफी मागायला गेले. सुकरूनं त्यांना आधी जेवू घातलं. मग म्हणाला, "गावाले ठाऊक होतं जी. पन ठाऊक असनं अलग अन् छापून येनं अलग. आता त्यायले काहीतरी करनं भाग पडलं."

तिथून सर कोंढ्याला गेले. परत चल म्हणून देवाजीला त्यांनी हात जोडले. देवाजीनं त्यांचे हात खाली घेतले. मग म्हणाला, "कसा येऊ सर? पयले आमाले कोनी पाहत नोतं. आता गेलो तर सारं गाव पाहत राहील."

सरांनी प्रबंध सादर केला नाही. मी एकदा आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "त्यांच्या घरात मी जेवलो आणि ते घर मोडलं. त्यावर पदवी घेऊ?" त्यानंतर ते खेड्यांत गेले नाहीत. कॉलेज सुटलं की थेट खोलीवर.

पुढच्या दशकात, निवृत्तीआधीच, ते हृदयविकारानं गेले. मी दोन पोस्टकार्डं टाकली, एक लाखांदूरकडे, एक कोंढ्याला. तेराव्याला दोघंही आले, वेगवेगळ्या गाड्यांनी. एकाच मांडवात दोन टोकांच्या पंगतींत बसून जेवले. कुणी कुणाकडे मान वळवली नाही. देवाजी आधी निघाला.

सुकरूला स्टँडवर सोडायला मी गेलो. त्याचे केस पांढरे झाले होते. गाडी लागली, तो चढला आणि खिडकीतून वाकून मला म्हणाला,

"देवाजी आला होता ना जी? मी काही पाह्यलं नाही तिकडं. तब्येत बरी दिसली का त्याची?"